पाहणीच्या आदल्या दिवशी बुजवलेली खांड

धाटावच्या कंपनीत मला सगळे ‘खासदार’ म्हणतात. पहिली शिफ्ट सुटली की बाकीचे नाक्यावर रेंगाळतात, मी मात्र कुंडलिकेचा पूल ओलांडून अष्टमी गावातलं घर गाठतो आणि टीव्हीवर लोकसभेचं कामकाज लावून बसतो. कुठल्या योजनेला किती दिलं, त्यातलं कुठे गेलं, कोणी विचारलं, कोणी उत्तर टाळलं, याची मला भारी हौस. बायको म्हणायची, “तुमचं नाव पुकारलं की सांगा, मी चहा ठेवते.” मी चिडायचो. सरकारला सभागृहात प्रश्न विचारला की खरं उत्तर द्यावंच लागतं, असं मला तेव्हा मनापासून वाटायचं.

आमचं मूळ गाव पेणच्या खाली, खाडीला लागून. तिथली शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खोल आहेत. मधे बांध आहे म्हणून भात पिकतो, नाहीतर सगळी खाडीच. खारं पाणी एकदा आत शिरलं की दोन-तीन वर्षं त्या जमिनीत दाणा धरत नाही. दादा आणि वहिनीचं शेत अगदी बांधाला टेकून, त्यामुळे त्यांची झोपही भरती-ओहोटीच्या हिशोबाने चालते. पूर्वी बांधाला खांड गेली, म्हणजे पाण्याने भगदाड पाडलं, की कोणीतरी गावातल्या पाखाडीच्या दगडी वाटेवरून ओरडायचं आणि घरटी एक माणूस चिखलात उतरायचा. कोणाचं शेत, कोणाशी भांडण, हे कोणी विचारायचं नाही. पुढे बांध सरकारने ताब्यात घेतला. पण ओरड ऐकली की पाय आपोआप निघायचे, ते काही सरकारला ताब्यात घेता आलं नाही.

मग एक दिवस बांधाच्या तोंडाशी फलक उभा राहिला. केंद्राची योजना, दगडी पिचिंगसह, म्हणजे दगडाचं अस्तर लावून, बांधाचं मजबुतीकरण, काम पूर्ण. गाडी जाते तिथवर दगड टाकले होते, त्यापुढे आपला तोच जुना चिखल. मी माहितीचा अर्ज केला. उत्तर आलं, निधी पूर्ण खर्च झाला आहे. त्याच वर्षी निवडणुकीत या कामाच्या ठेकेदाराच्या गाड्या झेंडे लावून गावोगाव फिरल्या आणि पेणजवळ रामवाडीच्या सभेला आमच्याच गावाला त्याच गाड्यांतून नेलं. व्यासपीठावरून दिल्लीहून आलेला पुढारी देश कुठल्या कुठे पोचला ते सांगत होता. गावानेही टाळ्या वाजवल्या. कुंपणच शेत खातं हे सगळ्यांना माहीत असतं, पण कुंपणाचं तोंड उघडून दात कोण मोजणार?

त्या आश्विनात बांध खचून खांड गेली, बैलगाडी जाईल एवढी. फलकावर ‘पूर्ण’ लिहिलेल्या कामाच्या ऐन मध्यावर. आत दगडाचा एक तुकडा नव्हता, नुसती माती आणि खेकड्यांची बिळं. खोटं काय सांगू, मला आनंद झाला. एवढा ढळढळीत पुरावा परत कधी मिळणार? मी आमच्या खासदारांना पत्र पाठवलं आणि चक्क त्यांच्या सहायकाचा फोन आला. प्रश्न हिवाळी अधिवेशनात घेऊ, त्याआधी पाहणीला पथक येईल, गुरुवारी.

मी लगेच गाव गाठलं. भांगाचे दिवस होते, भरती कमी चढत होती, त्यामुळे पाणी अजून आत आलं नव्हतं. दादाच्या शेतात भात पिवळा होऊन उभा होता, आठ-दहा दिवसांत कापणीला येणारा.

“गुरुवारपर्यंत खांडीला हात लावू नका,” मी म्हणालो. “साहेबांना आहे तशी दिसली पाहिजे.”

दादाने खाडीकडे बोट केलं. “बुदवारी कोजागिरी हाय,” तो म्हणाला. “पुनवेचं उधाण तुज्या सायबांना इचारून येनार काय?”

“एका दिवसाचा प्रश्न आहे दादा. एकदा दिल्लीत विषय निघाला की दगडाचा बांध होईल. कायमचा.”

“आनि ह्यो उभा भात?”

मी घड्याळात बघितलं. वहिनी म्हणाली, “भावजींची शिफ्ट चुकंल, जाऊ दे त्यांना.” दादा ‘बघू’ म्हणाला. मी तो होकार समजलो.

गुरुवारी रजा टाकली. रामवाडीला उतरलो आणि रिक्षाने बांधावर पोचलो तर पथकाची गाडी आधीच आलेली. खांड नव्हती. तिथे बांध होता, ओला, काळाभोर, हाताने थापून गुळगुळीत केलेला. बुधवारी सकाळच्या ओहोटीला कोणीतरी ओरडलं होतं आणि घरटी एक माणूस उतरला होता.

“काम तर उत्तम दिसतंय,” साहेब म्हणाले.

“साहेब, हे ठेकेदाराचं नाही! काल गावाने बुजवलंय!” माझा आवाज चिरकला.

साहेबांनी जमलेल्या गावाकडे वळून विचारलं, “कोणी बांधलं हो हे?”

आणि आमचा दादा, चिखल अजून कोपरापर्यंत वाळलेला, छाती काढून म्हणाला, “आमीच. असा बांध दुसरा कोन बांदनार नाय, सायेब.”

“वा! म्हणजे लोकसहभाग!” साहेब खूश झाले. त्यांनी सगळ्यांना बांधावर उभं करून फोटो काढला. वहिनीने पदर सारखा केला. मला दादाचा संताप आला आणि त्याच क्षणी त्याच्यामागे डोलणारा भातही दिसला. मग कोणावर ओरडावं तेच कळेना.

डिसेंबरात आमचा प्रश्न यादीत आला. मी टीव्हीसमोर बसलो, त्या दिवशी बायकोने खरंच चहा ठेवला. सभागृहात कसल्याशा वक्तव्यावरून गोंधळ झाला, कागद भिरकावले गेले आणि कामकाज तहकूब झालं. आमचं उत्तर लेखी पटलावर ठेवलं गेलं. काम पूर्ण असून प्रत्यक्ष पाहणीत बांध सुस्थितीत आढळला, देखभालीत लोकसहभाग उल्लेखनीय. सोबत फोटो. रात्री वाहिन्यांवर चार माणसं त्या वक्तव्यावरच एकमेकांच्या अंगावर जात होती. माझं म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं. इतके दिवस खोटं फक्त फलकावर होतं, मी ते लोकसभेच्या कागदावर चढवून दिलं.

पुढच्या श्रावणात उधाणाने बांध दोन ठिकाणी फोडला. या वेळी ओहोटीला हात पुरले नाहीत, लावणी झालेली सगळी शेतं खाऱ्या पाण्याखाली गेली. अर्ज केला तर उत्तर आलं, पाहणीत सुस्थितीत आढळलेल्या कामाला इतक्यात पुन्हा निधी देता येत नाही, देखभाल लाभार्थ्यांनी करायची आहे.

आता दादा पेणहून सकाळच्या बसने धाटावला येतो, आमच्याच कंपनीत, ठेक्यावर. गेटवर पोरं म्हणतात, “खासदारांचे भाऊ आले.” दादा हसतो. मला हसता येत नाही. मी लोकसभा बघायचं सोडलं.

मागे गावी गेलो तेव्हा वहिनी ओटीवर तांदूळ निवडत होती, दुकानातला. मान वर न करता म्हणाली, “भावजी, तवा तुमचं आयकून खांड तशीच ठेवली असती, तर दगडी बांध झाला असता काय?”

“कुणास ठाऊक, वहिनी. झालाही असता.”

“आनि त्या वर्साचा भात?”

“तो गेला असता.”

तिने एक खडा उचलून अंगणात टाकला. “मंग नाय ठेवली तीच बरी. एक वरीस तरी घरचा खाल्ला.”

त्या भाताचे तांदूळ तिने आम्हालाही गोणभर पाठवले होते. लोकसभेतलं उत्तर आलं त्या दिवशी आमच्याकडे त्याचाच भात शिजला होता, आणि मी दोनदा वाढून घेतला होता.