आठवा फर्मा

पुस्तकांवर जीव टाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण जीव टाकता टाकता त्यांच्यावर सुरी चालवणारा माणूस उभ्या परभणी जिल्ह्यात एकच झाला आणि तो आमच्या सेलूच्या शाळेत होता. ते आमचे फारशीचे मास्तर. म्हणजे पूर्वी फारशीचे. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, शाळेतली उर्दू जाऊन मराठी आली आणि एका सकाळी मास्तरांचा विषयच शाळेतून उठला. मास्तर तेवढे उरले. घर मराठी, आई मराठी, पण शिक्षण सगळं उर्दूत झालेलं, त्यामुळे मराठी पुस्तक ते ओळीवर बोट ठेवून वाचत. कागदोपत्री त्यांना ‘जादा शिक्षक’ म्हणत. जादा माणसाला काहीतरी काम दाखवावं लागतं म्हणून हेडमास्तरांनी नववीच्या वर्गातल्या भिंतीतल्या कपाटाची किल्ली त्यांच्या हातात दिली आणि त्या कपाटाला ग्रंथालय म्हणायचं ठरवलं. त्या किल्लीवर मास्तरांची नोकरी टांगलेली होती, हे आम्हा पोरांनाही ठाऊक होतं.

कपाटात पुस्तकं बारा. खात्याकडून हायस्कुलातल्या मुलामुलींनी वाचावीत अशा पुस्तकांची लांबलचक यादी आली होती आणि यादीबरोबर त्यातली बारा पुस्तकं, प्रत्येकाची एकेक प्रत. वर्गात आम्ही चाळीस. मास्तरांनी हिशेब केला, “एकेकानं आठ दिवस पुस्तक ठिवलं तर शेवटच्या पोराला वाचंस्तोवर नातू व्हायचे,” आणि शेरवानीच्या खिशातून सुरी काढली. तरुणपणी त्यांनी वीस वर्षं फावल्या वेळात उर्दू पुस्तकांच्या जिल्दी बांधल्या होत्या, त्यामुळे त्या खिशात सुरी, दाभण, दोरा आणि सुकलेल्या खळीचा एक डबा कायम असे. त्यांनी एकेक पुस्तक शिवण उसवून सोळा सोळा पानांच्या फर्म्यांत सुटं केलं. पहिल्या नंबरच्या पोराला पहिला फर्मा. त्यानं वाचून दुसऱ्याला द्यायचा आणि स्वतः दुसरा घ्यायचा. असं एक पुस्तक एकाच वेळी आठ घरांत जेवायला बसायचं. कायदे दोन होते. आधीचं मास्तरांना सांगितल्याशिवाय पुढचा फर्मा मिळणार नाही. आणि पुढचं मागच्याला सांगायचं नाही. दुसरा कायदा मोडणाऱ्या एका पोराला मास्तरांनी मारलं नाही, नुसतं चार दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्याचा बाप शाळेत माफी मागायला आला.

मास्तर स्वतः मात्र सगळ्यांच्या शेवटी वाचत. चाळिसांचं वाचून झालं की एक्केचाळिसावा नंबर त्यांचा. मी एकदा म्हटलं, “मास्तर, किल्ली तुमच्याकडं, तुम्ही आधी का नाही वाचत?” तर म्हणाले, “वाढप्यानं आधी जेवायचं नसतं, पोरी.” आणि पुस्तक पुढच्या वर्षीच्या पोरांना द्यायचं की नाही हे ते वेगळ्याच मापानं ठरवत. फर्मा परत आणला की नायकाचं नाव, लेखकाचा हेतू, असलं काही विचारायचे नाहीत. एकच प्रश्न, “भाकर थंड झाली का?” म्हणजे वाचताना जेवायचं विसरलास का. पोरं खोटं बोलतात हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते सरळ घरी जाऊन आईला विचारत. जिनिंगच्या चाळीत एका बाईला त्यांनी दारात उभं राहून हाच प्रश्न केला तेव्हा तिला वाटलं मास्तर उपाशी आहेत. तिनं ताट वाढलं. मास्तर जेवले, आणि उठताना पुन्हा विचारलं, “ह्याची थंड झाली होती का, ते सांगा की.” ज्याच्यापायी भाकर थंड झाली ते पुस्तक त्यांच्या शिफारशीच्या वहीत चढे. पुढे कुणाला द्यावं तेही लिहीत: ‘बापाचा मार खाणाऱ्यास’, ‘लय बोलणाऱ्यास’, ‘तापात देऊ नये’. खात्याच्या यादीतली सात पुस्तकं त्या वहीत कधीच चढली नाहीत. “ज्यानं यादी केली त्याची भाकर गरमच ऱ्हायली असंल,” एवढंच ते म्हणत.

हेडमास्तरांना हा प्रकार कळला तेव्हा त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. सरकारी मालमत्ता, तीही कापलेली! त्यांनी मास्तरांना वर्गातच बजावलं, “तपासणीला साहेब येतील तेव्हा बाराच्या बारा पुस्तकं शिवलेली दिसली पाहिजेत. एक पान कमी निघालं तर किल्ली खाली ठेवायची. पुढचं मी बघणार नाही.” मास्तर “जी” म्हणाले आणि खिशातली सुरी चाचपली.

आता माझं. त्या दिवाळीनंतर एका नावाड्याच्या मुलीच्या गोष्टीचं पुस्तक वर्गात फिरत होतं. बाप आजारी, नदीला पूर, आणि ती एकटी नाव घेऊन पलीकडच्या काठावरून औषध आणायला निघते. सातव्या फर्म्याच्या शेवटी तिचं वल्हं मोडतं. हजेरीत मुलींची नावं शेवटी असत. चौतीस मुलगे झाले की माझा नंबर, माझ्यामागे पाचजणी. एका शनिवारी मला आठवा फर्मा मिळाला आणि रविवारी आईनं मला चुडाव्याला मामाकडे नेऊन सोडलं. मला बघायला पाहुणे येणार होते. मुलाकडच्यांना सेलूपेक्षा चुडावा जवळ पडत होतं. स्थळ चांगलं होतं, शाळा सुटणार होती, आणि याबद्दल मला कुणी काही विचारलं नव्हतं. पाहुणे येतील येतील म्हणता आठ दिवस गेले. फर्मा मी पहिल्याच दुपारी कणगीमागे बसून वाचला. मामी दोनदा जेवायला हाक मारून गेली आणि शेवटी ओरडली, “अगं, भाकर गार झाली की!” मला वाटलं, मास्तर असते तर लगेच वहीत लिहिलं असतं.

मंगळवारी दुपारी पॅसेंजरच्या गार्डानं मामाच्या हातात माझ्या नावाची चिठ्ठी ठेवली. मामा चुडावा स्टेशनवर खलाशी, म्हणजे रेल्वेचा हरकाम्या, होता आणि माझी मैत्रीण इंदू सेलूच्या पार्सल बाबूंची मुलगी, त्यामुळे आमचं टपाल रेल्वेनंच चाले. चिठ्ठीत इंदूनं लिहिलं होतं: ‘साहेब उद्याच येतोय. अकरा पुस्तकं शिवून झाली. आठवा फर्मा तुझ्याजवळ आहे. मास्तर कुणाला काही बोलत नाहीत, जेवलेही नाहीत. आम्ही पाचजणी सातव्यावर खोळंबलोय.’ पाहुणे बुधवारी दहाला, आणि सेलूला पोचायचं तर पहाटेची गाडी. मी रडतच मामाला सगळं सांगितलं. लग्न, पाहुणे, मास्तर, यातलं मामाच्या कानात काही शिरलं की नाही कोण जाणे, पण ‘तपासणी’ हा शब्द, रेल्वेच्या भाषेत ‘मुआयना’, ऐकला आणि तो ताठ उभा राहिला. रेल्वेतला माणूस तो. साहेब येणार आणि सामान जागेवर नाही, याहून मोठी आपत्ती त्याला माहीत नव्हती. मामी कपाळाला हात लावून म्हणाली, “अवं, धा वाजता पावणे यायलेत आन् तुमी पोरीला घेऊन कुठं निघालात?” मामा टोपी घालत म्हणाला, “पावणे पुन्ना येतेल. मुआयना पुन्ना येत न्हाई.”

गाडी पूर्णेला अर्धा तास थांबली, परभणीला त्याहून जास्त. मी फर्मा ओच्यात घट्ट धरून बसले होते आणि मामा प्रत्येक स्टेशनवर उतरून सिग्नलकडे बघून दात खात होता. सेलूच्या स्टेशनपासून आम्ही दोघं शाळेपर्यंत पळालो. नववीच्या दारात पोचलो तर आत पोरं उभी, हेडमास्तर घामेजलेले, आणि औरंगाबादेहून आलेले साहेब कपाटापुढे. अकरा पुस्तकं टेबलावर रचलेली होती. बारावं साहेबांच्या हातात होतं.

हे बारावं पुस्तक मास्तरांनी आदल्या संध्याकाळपर्यंत शिवलंच नव्हतं. आधीच्या अकरांचे फर्मे पोरांनी लावून दिले होते. हे एक ते माझी वाट बघत तसंच ठेवून बसले. शेवटी दिवस मावळायला आला तेव्हा एकट्यानंच सात फर्मे घेतले आणि शिवून टाकले. डोकं ठिकाणावर नव्हतं, काम हातांनी केलं, आणि हात होते उर्दू पुस्तकांवर वळलेले. उर्दू पुस्तक आपल्या मराठी पुस्तकाच्या शेवटाकडून सुरू होतं. मास्तरांनी फर्मे त्याच ओळीनं लावले: सातवा सगळ्यात वर, पहिला सगळ्यात खाली.

साहेबांनी पुठ्ठा उघडला आणि पहिलंच पान निघालं सत्त्याण्णवावं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. मास्तर भिंतीला टेकून उभे होते, हातातली किल्ली इतकी घट्ट धरलेली की बोटं पांढरी झाली होती. साहेब काही बोलणार तेवढ्यात त्यांची नजर ओळीवर पडली. ते वाचायला लागले. उभ्याउभ्या एक पान वाचलं, पान उलटलं, मग न बघताच मागची खुर्ची ओढून बसले. हेडमास्तर दोनदा खोकले; साहेबांनी हातानंच थांबा म्हटलं. सातवा फर्मा संपला, वल्हं मोडलं, साहेबांनी घाईनं पान उलटलं, तर समोर पान एक्याऐंशी.

“हे काय? पुढचं कुठं आहे?”

“फर्मा यायचा ऱ्हायलाय, साहेब,” मास्तर म्हणाले.

“पण पुढं होतं काय? ती पोचते का?”

“मालूम न्हाई. मीबी सातव्यावरच थांबलोय, माझा नंबर शेवटी हाय.”

साहेब पुस्तक हातात धरून वर्गाकडे वळले. “तुमच्यापैकी कुणी वाचलंय?” चौतीस पोरांनी वाचलं होतं. चौतीस माना खाली गेल्या. साहेबांनी पुढच्या बाकावरच्या पोराला उठवलं. “तू वाचलंस? मग सांग.” पोराचे कान लाल झाले. मास्तर, हेडमास्तर आणि साहेब या तिघांकडे त्यानं आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाला, “सांगता येत न्हाई, साहेब.”

“येत नाही, की सांगत नाहीस?”

“सांगत न्हाई.”

मला वाटलं आता सगळं संपलं. तेवढ्यात मामानं मला पाठीत ढकललं आणि दारातच पाय जुळवून कडक सलाम ठोकला. “फर्मा नंबर आठ हजर हाय, साहेब!” मी पुढे गेले. साहेबांचा हात फर्म्याकडे झेपावला, आणि मधे मास्तरांचा हात आला.

“कसूर माफ, साहेब. आधीचे सहा फर्मे सांगा.”

“काय?”

“आधीचं सांगितल्याबिगर पुढचं मिळत न्हाई. पोरांना ह्योच कायदा हाय. तुमाला तसाच दिला तर उद्या ही पोरं मला काय म्हणतेल?”

ज्या माणसाच्या एका शेऱ्यावर पोटापाण्याचं ठरायचं होतं, त्यालाच मास्तर धडा विचारत होते. ते भिले नव्हते असं नाही. पण हात त्यांनी मागे घेतला नाही. मला अजून वाटतं, साहेबांना हसू आलं होतं, पण तो दिवस हसण्याचा नव्हता. त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि लिहायला घेतलं. मास्तरांनी फर्मा माझ्या हातातच राहू दिला आणि हळूच म्हणाले, “तुझ्यामागच्या पोरीला दे.” जाताना दारात साहेबांनी मामाला विचारलं, “काय हो, पोचते का ती?” मामा म्हणाला, “मी वाचलं न्हाई, साहेब. मी रेल्वेत हाय.”

शेरा व्हायचा तोच झाला. पुस्तकांची मोडतोड, किल्ली काढून घ्यावी, जादा शिक्षकास जागा असेल तिथे पाठवावं. नोकरी राहिली, पण तिसऱ्या दिवशी पूर्णेच्या प्राथमिक शाळेचा हुकूम आला. किल्ली कवायतीच्या मास्तरांकडे गेली. त्यांनी ते कपाट इतकं नीट सांभाळलं की पुढे दोन वर्षं त्याचं कुलूप कुणी उघडलेलं पाहिलं नाही. इकडे चुडाव्याला पाहुणे आले, पोहे खाल्ले, मुलगी घरात नाही म्हणून तणतणत गेले. वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण पुन्हा स्थळ जमेपर्यंत मी मॅट्रिक झाले होते, आणि मग मला कुणी शाळेतून काढू शकलं नाही. हे मी मास्तरांना कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

मास्तर निघाले त्या दिवशी मी इंदूकडून फर्मा मागून घेतला आणि स्टेशनवर धावले. त्यांच्याजवळ एक वळकटी, एक पत्र्याची पेटी आणि भाकरी थापायचा तवा, एवढाच संसार. मी फर्मा पुढे केला. “मास्तर, आता तुम्ही वाचा.” त्यांनी हात पुढे केला आणि तसाच थांबवला. “किती पोरी ऱ्हायल्या?”

“तीन.”

“मग?” त्यांनी फर्मा माझ्याकडे सारला. “किल्ली गेली म्हणून नंबर जातो व्हय?”

गाडी हलली. मला रडू आवरेना, म्हणून मी पाठ फिरवली आणि पळत सुटले. ते दारात उभे असतील, हे कळत होतं, पण थांबले नाही, मागे वळून पाहिलं नाही.

तिघींचं वाचून झालं तेव्हा मी फर्मा मामाच्या ओळखीच्या गार्डाबरोबर पूर्णेला पाठवला. पंधरा दिवसांनी कार्ड आलं. मास्तरांचं मराठी अक्षर, एकेक सुटं, पाटीवर गिरवल्यासारखं. ‘फर्मा पावला. भाकर थंड झाली. शिफारस: नववीच्या सर्व मुलामुलींस. मुलगी पोचली, लय बरं वाटलं, आठ दिवस घोर होता. पण काठावर उतरल्यावर तिनं एकदा मागं वळून बघायला पाहिजे होतं.’

कार्ड अजून माझ्याजवळ आहे. मास्तर, उशीर झाला, पण मी बघते आहे.