‘ले’ म्हणजे कुणाला?

दुष्काळाच्या एका उन्हाळ्यात कड्याजवळच्या आमच्या गावात एक स्पॅनिश बाई राहायला आली. आमच्या बायकांच्या दूध सोसायटीला चाऱ्यासाठी आणि पाण्याच्या टाक्यांसाठी तिच्या देशातली एक संस्था मदत करत होती. मी सोसायटीत दुधाचं फॅट तपासायचे. मला थोडंफार इंग्रजी येतं म्हणून तिची सोय आमच्याच घरी झाली. घरात मी आणि आई, दोघीच.

सकाळी जनावरांच्या छावणीवर चालत जाताना ती मला स्पॅनिश शिकवायची. ‘मे गुस्ता’ म्हणजे मला आवडतं. मी म्हटलं, “ताई, हे तर आमच्यासारखंच. आम्हीपण ‘मला आवडतं’ असंच म्हणतो.” ती रस्त्यातच थांबून हसली. इंग्रजीवाल्यांना एवढं समजवायला तिला आठवडे लागायचे म्हणे. ‘मे’ म्हणजे मला, ‘ते’ म्हणजे तुला, ‘नोस’ म्हणजे आम्हाला, हे सगळं मला पटापट जमलं. अडलं ते ‘ले’पाशी. त्याला म्हणायचं तरी ले, तिला म्हणायचं तरी ले, मोठ्या माणसाला ‘तुम्हाला’ म्हणायचं तरी ले.

“मग कुणाला ते कळायचं कसं?”

“पुढं माणूस जोडायचा. ले दोय आग्वा आ तु माद्रे. तिला पाणी देते, तुझ्या आईला.”

“आईला म्हटलं की झालं ना? वर आणखी ‘तिला’ कशाला?”

“आमची सवय,” ती म्हणाली. मला ते उगाचच वाटलं.

ऐन वैशाखात ती तापानं फणफणली. टँकर दोन दिवस आला नव्हता. घागरीत उरलेलं पाणी आईनं तिच्यासाठीच ठेवलं आणि सकाळपासून तिच्या उशाशी बसून कपाळावर ओल्या घड्या ठेवत राहिली.

“लई ताप हाय. इचार तिला, काय दुखतंय?”

मी विचारलं. “मे दुएले ला काबेसा,” ती पुटपुटली. माझं डोकं दुखतंय.

डॉक्टरांना निरोप गेला होता. दुपारी तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, “ले दिस्ते आग्वा?” पाणी दिलंस का, एवढं समजलं. छावणीत एक वासरू तिच्या फार लाडाचं होतं. मी म्हटलं, “हो, वासराला पाजलं.”

तिनं मान हलवली. हात कसाबसा उचलून आईकडे दाखवलं. “आ तु माद्रे.”

मी आईकडे पाहिलं. ओठ पार सुकले होते. सकाळपासून तिनं घोटभरही पाणी घेतलं नव्हतं आणि घरात वावरूनही माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तांब्या भरून पुढं केला.

“मला कशाला? तिला लागंल की,” आई म्हणाली.

पाहुणी कोपरावर रेटा देऊन उठायला लागली, तशी आई घाबरली. “पिते बाई, पिते. तू पड बरं!” आणि तिच्यादेखत तांब्या तोंडाला लावला.

चार दिवसांनी ती हिंडूफिरू लागली. टाक्या झाल्या आणि तिची जायची वेळ आली. लेक सासरी जाताना भरतात तशी आईनं तिची ओटी भरली. तिच्या अंगावर पँट-शर्ट, म्हणून मी माझी ओढणी तिच्यापुढं पसरली. आईनं त्यात ओंजळभर ज्वारी घातली, कुंकू लावलं आणि गाठ मारून दिली.

बस सुटेपर्यंत ती ते गाठोडं मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली होती.