लोसालिनेनं जिवंत ठेवलेला टॅव्ह

लोसालिने वाचायला बसली की तिला काम माफ, हा झाडाच्या सालीचं कापड करणाऱ्या आमच्या गटाचा नियम. साल कुटायच्या दिवशी लाकडी मोगऱ्यांच्या आवाजात शेजारणीचं बोलणंसुद्धा कळत नाही, म्हणून वाचन चिकटवायच्या दिवशी. आम्ही चौदा जणी लांब फळीच्या दोन्ही बाजूंना बसून सालीच्या पट्ट्यांना कंदाची खळ लावत जायचो आणि ती टोकाला बसून इंग्रजी पुस्तक आमच्या बेटावरच्या तोंगी भाषेत सांगायची. तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई. तिच्यासमोर मधेच खोकायचीही चोरी.

पुस्तकं ऑकलंडहून आलेल्या खोक्यातली. गोष्ट पाच भागांची, खोक्यात भाग चारच. कॉलेजला जायच्या वयाच्या पोरांसाठी लिहिलेली. त्या देशात ऊन मापानं मिळतं. बुरुजावरचे लोक दरवर्षी खालच्या प्रत्येक घरातलं एक मूल नेतात आणि त्याचं आयुष्य दिव्यात जाळतात. ब्रिन नावाची सोळा वर्षांची मुलगी त्यांच्यावर उलटते आणि तिचा भाऊ टॅव्ह तिच्यासोबत निघतो.

खरं सांगते, जळणाऱ्या मुलांनी आम्हाला एवढा धक्का बसला नाही. ब्रिननं भावाच्या देखत एका मुलाचं चुंबन घेतलं, तेव्हा बसला! आमच्यात मोठे झालेले भाऊ-बहीण एका खोलीत बसून सिनेमा बघत नाहीत. फुसी आजीच्या हातातला खळीचा गोळा सरळ मांडीवर पडला.

"लिहिणारीला भाऊ नसणार," लोसालिने म्हणाली.

तिची मतं अशीच. "या देशात एकाही पोराला आत्या नाही, हे कसं? जेवायच्या आधी कोणी प्रार्थना करत नाही. आणि सोळा वर्षांची पोरगी सैन्य चालवते, मग मोठी माणसं काय करतात, माशा मारतात?" आम्ही हसायचो. पण टॅव्हचं नाव आलं की तिचा आवाज मऊ व्हायचा, आणि आम्ही हसणं थांबवायचो.

कारण आम्हाला माहीत होतं. तिचा धाकटा भाऊ इनोके दोन वर्षांपूर्वी ऑकलंडला वारला. तिच्या शिक्षणाचा खर्च भागावा म्हणून तो सतराव्या वर्षी तिकडे कामाला गेला होता. थोरल्या बहिणीशिवाय आमच्यात भावाची माती होत नाही, पण त्याची झाली. लोसालिनेचा व्हिसा नऊ दिवसांनी आला. त्या दिवसापासून तिनं त्याचं नाव घेतलं नाही. रडली तर नाहीच. ऑकलंडहून फोन आला की खुशाली विचारायची आणि ठेवून द्यायची.

पुस्तकातला टॅव्ह मात्र बहरत गेला. तिसऱ्या भागात त्यानं बहिणीला होडीतून वाचवून नेलं. चौथ्यात त्यानं भटारखान्यातल्या मुलीशी लग्न केलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून जेवणाचा बेतही ठरवला. फुसी आजी तर रविवारी चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना करायची, नाव घेऊन.

नाताळच्या सुट्टीत इनोकेची मुलगी अकेसा आली. वय एकोणीस. येताना आत्यासाठी पाचवा भाग घेऊन आली होती. आम्ही तिला फळीशी जागा दिली, खळ दिली. लोसालिनेनं नवं पुस्तक उघडलं आणि सुरुवात केली, "सकाळी टॅव्हनं होडी किनाऱ्याला लावली..."

"आत्या, टॅव्ह तर दुसऱ्याच भागात मेला ना!"

चौदा जणींचे हात जागच्या जागी थांबले. आमच्याकडे आत्यासमोर कोणी मोठ्यानं बोलत नाही, तिच्या ताटातलं उचलत नाही. आणि या पोरीनं तिला भर गटात खोटं पाडलं! अकेसाच्या तोंडचा रंगच उडाला. तिनं खळीचा हात तोंडावर दाबला, पण शब्द बाहेर पडून गेले होते.

फुसी आजीला मात्र वेगळाच धक्का बसला होता. "मेला? कोण मेला? मी त्याच्यासाठी प्रार्थना करतेय!"

"मेला," लोसालिने म्हणाली. "दुसऱ्या भागात, एकशे बाराव्या पानावर. चार ओळींत."

"आणि लग्न?" मी विचारलं. "होडी?"

"माझी."

माझा विश्वासच बसेना. पाच महिने ही बाई पानं उलटत होती, आणि निम्मी गोष्ट तिची होती! मला रागही आला. त्या लग्नात मी रडले होते.

"ती त्याला रस्त्यावर टाकून गेली," लोसालिने बोलू लागली. तिचा आवाज चिरका झाला होता. "सख्खी बहीण! त्याला धुतलं नाही, त्याच्याजवळ बसली नाही. पुढच्याच पानावर आपली चालायला लागली. असलं मी तुम्हाला वाचून दाखवायचं? ती बहीणच नव्हे!"

"तिच्या मागे सैनिक होते, आत्या," अकेसा हळूच म्हणाली. "ती थांबूच शकत नव्हती. तुला तरी कुठं येता आलं?"

बाई गं! मला वाटलं, आता हिला छपराखालून हाकलणार.

अकेसा खाली मान घालून म्हणाली, "बाबांच्या उशाशी तुझी जागा आम्ही रिकामी ठेवली होती. तुझी चटई अंथरली होती. मोठी काकू बसायला आली, तर आजोबांनी तिला उठवलं. म्हणाले, ती लोसालिनेची जागा आहे."

लोसालिनेनं विचारलं, "कुठवर?"

"माती देईपर्यंत."

"मला कोणी का नाही सांगितलं?"

"तू फोनवर त्यांचं नावच काढू देत नव्हतीस."

लोसालिनेनं चष्मा काढला. मग तिनं "इनोके!" अशी हाक मारली, दोन वर्षांत पहिल्यांदा, आणि मोठमोठ्यानं रडायला लागली. अकेसानं खळीच्या हातांनीच तिला कवटाळलं. आम्हीही रडलो. फळीवरची खळ वाळली, त्या दिवसाचं कापड वाया गेलं. फुसी आजी तर हमसून हमसून रडत होती, आणि ती इनोकेसाठी रडतेय की टॅव्हसाठी, हे तिला कोणी विचारलं नाही.