दोन वळणं अलीकडे

आमच्या घरात वडीलधाऱ्यांच्या पुढे चालायची पद्धत नव्हती. देवळात जाताना, लग्नाला जाताना, अगदी दवाखान्यात जातानाही वडील पुढे आणि आम्ही भावंडं मागे. कोणी आगाऊपणा केलाच तर आई मागून सदरा धरून ओढायची. हे इतकं अंगात मुरलं की जर्मनीत गेलो, काट्याचमच्याने बटाटे खायला शिकलो, थंडीत रोज आंघोळ करायचं सोडलं, पण हे काही सुटलं नाही. मला त्याचा अभिमान होता. आता त्या अभिमानाची चीड येते, म्हणून लिहायला बसलो आहे.

युद्ध संपून तेरा-चौदा वर्षं झाली होती. फ्रँकफुर्टच्या एका संस्थेत माझं डॉक्टरेटचं काम चाललं होतं आणि बाड हॉम्बुर्गला एका जोडप्याच्या घरी मी माडीवरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. घरमालक पन्नाशी ओलांडलेले, लेथवर काम करणारे, गरजेपुरतं बोलणारे. मूलबाळ नव्हतं. त्या दोघांना मी मनातल्या मनात काका-काकू म्हणायचो.

काकांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात ते आणि त्यांचा धाकटा भाऊ इटलीत, समुद्रकाठच्या डोंगरांत, एकाच तुकडीत होते. भाऊ सायकलच्या शर्यती खेळणारा. तिथला घाट बघून तो म्हणाला होता, हे सगळं संपलं की आपण दोघं खालच्या समुद्रापासून माथ्यापर्यंत सायकलने चढू. संपायच्या आधी तोच संपला. घाटमाथ्यावरच्या गावात, चर्चच्या मागे त्याला पुरलं. काका ट्रकमधून घाट उतरले ते परत तिकडे गेले नव्हते. आता त्यांना जायचं होतं, आणि सायकलवरूनच.

त्यात त्यांचं हृदय दुबळं निघालं. एका संध्याकाळी काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्या बटाटे सोलत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या.

"तो जाणारच. माझं ऐकणार नाही," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, हळू चढला तर निभेल, जोर केला तर नाही. तू पुण्यात रोज सायकल चालवायचास ना? मग तू जा त्याच्याबरोबर. त्याला हळू ठेव. एवढंच कर माझ्यासाठी."

मी शब्द दिला. असा शब्द देताना मी फार गंभीर चेहरा करतो, तसा तेव्हाही केला असणार.

उन्हाळाभर दर रविवारी आम्ही टाउनुसच्या डोंगरात सराव करायचो. ओबरऊर्सेलच्या पुढे जंगलातून चढ सुरू होतो आणि तो फेल्डबर्गच्या माथ्यापर्यंत सोडत नाही. पहिल्याच रविवारी चढ लागल्यावर काकांनी हाताने मला पुढे हो अशी खूण केली. मी हसून मान हलवली. पन्नाशीच्या माणसाला मागे टाकून पुढे जायचं म्हणजे काय? शिवाय मागे राहिलो तर त्यांच्यावर नजर राहील, असंही मी स्वतःला समजावलं. त्यांच्या मागच्या चाकापासून हातभर अंतर ठेवून मी चिकटून राहिलो. ते वेग वाढवत, मी वाढवी. माथ्यावर पोचल्यावर ते धापा टाकत विचारत, "ठीक आहेस?" माझ्या छातीचा भाता झालेला असे, पण मोठ्यांपुढे कुरकुर करायची नाही हीसुद्धा आमच्या घरची शिकवण. "अगदी मजेत," मी म्हणायचो. ते माझ्याकडे विचित्र नजरेने बघत.

घरी काकू विचारत, "हळू ठेवतोस ना?" मी म्हणे, "सतत त्यांच्याबरोबर असतो." त्या मला केकचा मोठा तुकडा वाढत आणि मीही तो निर्लज्जासारखा खाई.

सप्टेंबरात आम्ही निघालो. सायकली सामानाच्या डब्यात टाकून आगगाडीने बाझेल, तिथून आल्प्सच्या पलीकडे, इटलीतल्या त्या समुद्रकाठी. सकाळी समुद्रात चाकं बुडवली आणि चढायला लागलो. खालून रस्ता ऑलिव्हच्या बागांमधून जातो. दगडी बांध, कोरडी माती, आणि ऊन असं की आपल्याकडचा वैशाख आठवावा. मला त्या उन्हाचं काही वाटलं नाही, उलट कितीतरी महिन्यांनी अंग शेकलं म्हणून बरंच वाटलं. काकांची मान मात्र लालभडक झाली होती.

त्यांनी मला तीनदा पुढे बोलावलं. तिसऱ्यांदा तर ओरडलेच, "अरे, हो ना पुढे!"

"नाही नाही, आधी तुम्ही," मी म्हणालो. दारात उभं राहून पाहुण्याला म्हणावं तसं.

ते पॅडलवर उभे राहिले आणि जोर लावायला लागले. वाटेत एका वळणावर पाण्याचा नळ होता. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी थांबत नाही असं बघून तेही थांबले नाहीत. ते थांबतील तर मी थांबेन, असा माझा शहाणपणा चालला होता.

चेस्टनटचं रान लागलं तेव्हा मला त्यांचे कान दिसले. ते राखेसारखे झाले होते. काकूंना दिलेला शब्द आठवला. थांबा म्हणायला हवं होतं. एक शब्द. पण ज्या माणसाने या दिवसासाठी इतकी वर्षं काढली त्याला मी, पंचविशीतला पोरगा, थांबा म्हणणार? म्हणून मी घंटी वाजवली. त्यांना वाटलं मला पुढे जायचंय. ते बाजूला सरकले, थोडा वेळ वाट पाहिली, मी येत नाही म्हटल्यावर पुन्हा खाली वाकले आणि अजून जोरात निघाले.

माथा दोन वळणं राहिला असताना ते उतरले. पडले नाहीत. सायकल नीट भिंतीला टेकवली, शेजारी बसले आणि छातीवर हात ठेवला. मी धावत जाऊन त्यांच्या तोंडाला बाटली लावली. बरंचसं पाणी हनुवटीवरून ओघळलं.

"तू का नाही गेलास पुढे?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "सगळा उन्हाळा माझ्या चाकाला चिकटून होतास. मागचा माणूस चिकटला की पुढच्याला वेग कमी करता येत नाही. लाज वाटते. तू एकदा पुढे होऊन हळू चालला असतास, तर मी तुझ्या आडोशाला हळू आलो असतो."

"तुम्ही मोठे," मी म्हणालो. "मोठ्यांच्या पुढे आम्ही जात नाही."

ते हसले. "आणि मला वाटत होतं, मी तुला कमी पडतोय."

लाकडं नेणारी एक गाडी आली. तिच्यातून आम्ही त्यांना खाली समुद्राकाठच्या इस्पितळात नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. मी काकूंना तार केली. त्यांचे गुडघे तेव्हा इतके धरलेले होते की प्रवास अशक्य होता. त्यांची उलट तार आली: त्याला भावाशेजारी ठेव. मग काका ती उरलेली दोन वळणं लाकडाच्याच गाडीतून, पेटीत पडून चढले. मी मागे बसलो होतो. वरच्या गावच्या पाद्र्याने जागा दिली, प्रार्थना म्हटली, पण गावातलं कोणी आलं नाही. त्या हिवाळ्यात जर्मन सैनिकांनी तिथे काय केलं होतं ते मला कोणी सांगितलं नाही, आणि विचारायला मला तोंड नव्हतं.

परत आलो तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या. मी दोन सायकली घेऊन पायऱ्यांपाशी थांबलो. शर्यतवाल्यांच्या घरात नांदलेली बाई ती. तिने एकच प्रश्न विचारला.

"तू पुढे होतास ना?"

"हो," मी म्हणालो. "पुढे होतो. अगदी हळू."

"मग त्याचं हृदयच संपलं होतं," त्या म्हणाल्या, आणि माझे दोन्ही हात हातात घेऊन रडल्या. मीही रडलो. माझं रडणं कशासाठी होतं ते त्यांना कळलं नाही. त्या दिवसापासून त्या मला घरच्या मुलासारखं वागवायला लागल्या. शेजारणींना सांगायच्या, हा शेवटपर्यंत त्याच्या पुढे होता. मी तिथेच उभा असायचो आणि मान हलवायचो. खोली सोडून जावं असं शंभरदा वाटलं, पण तेवढीही हिंमत झाली नाही.

तीन वर्षांनी, माझं काम संपत आलं तेव्हा, काकू म्हणाल्या, "हं, आता गुडघे बरे आहेत. मला तिथे घेऊन चल." आम्ही गेलो. बस चेस्टनटच्या रानापर्यंत जात होती. तिथून पुढे चालायचं होतं. ती भिंत आली. सवयीने बाजूला झालो आणि हात पुढे केला, आधी तुम्ही.

"नको," काकू म्हणाल्या. "तू पुढे चल. त्याच्यासाठी गेलास तसा, हळू."

मी पुढे झालो. मागे त्यांचा श्वास ऐकू येत होता. तो वाढला की मी पाऊल आखडायचो, आणि तो खाली यायचा. दोन्ही वळणं आम्ही अशीच चढलो. काकूंना एकदाही थांबावं लागलं नाही.