शेजारची माडी

चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या त्या गावात एकोणीसशे छप्पन साली तीन इमारती उभ्या राहिल्या. शाळेला विटांच्या भिंती आणि वर टिनं आली, सोसायटीचं धानाचं गोदाम झालं, आणि जियालाल रहांगडाल्यांनी माडीचं घर बांधलं. पहिल्या दोहोंचं सुखवंताबाईंना कौतुकच होतं. शाळेसाठी त्यांनी अंगणातल्या झेंडूचे हार करून पाठवले होते. तिसऱ्या इमारतीमुळे मात्र त्यांना अन्न गोड लागेना.

जियालाल त्यांचे धाकटे दीर. वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्या परसरामांना, सुखवंताबाईंच्या नवऱ्याला, जुनं मातीचं घर आलं आणि जियालालना शेजारची मोकळी जागा. तेव्हा सुखवंताबाई मनातून खूश होत्या. गावात पटवारी येवो की ढोरांचा डॉक्टर, तो त्यांच्याच रुंद ओसरीवर टेकायचा. माडी झाली आणि ही माणसं त्यांच्या दारावरून पुढे जाऊ लागली.

जाऊ रुख्मा स्वभावानं साधी. पण ती माडीवर लुगडं वाळत घालायला उभी राहिली तरी सुखवंताबाईंना वाटे, हे मला दाखवायलाच. घरभरणीच्या दिवशी त्या कपाळाला फडकं बांधून पडून राहिल्या.

"तुले ताप नाही, माडी चढली हाय," परसराम म्हणाले.

"चढू द्या. मी नाही जात त्या घरात."

धान घरात आल्यावर कौसल्येला, त्यांच्या लेकीला, पाहायला पाहुणे यायचे ठरले. मुलाचे वडील केवलराम बिसेन चांगल्या घरचे. असं स्थळ पुन्हा मिळालं नसतं. सुखवंताबाईंनी ओसरी सारवली, भिंतींना छुईच्या पांढऱ्या मातीचा हात दिला आणि पाहुण्यांची वाट पाहत बसल्या.

पाहुण्यांची बैलांची दमणी आली, दारावरून गेली आणि पुढच्या दारात थांबली. केवलरामांनी वाटेत रहांगडाल्यांचं घर विचारलं होतं, आणि कुणीतरी सांगितलं होतं, "ती माडी दिसते ना, तेच."

सुखवंताबाई ताडकन उठल्या. रुख्माची उपवर भाची नेमकी त्याच आठवड्यात राहायला आली होती. "गेलं स्थळ!" म्हणत त्या पदर खोचून निघाल्या. मागून परसराम. माडीच्या उंबऱ्याशी सुखवंताबाईंचा पाय क्षणभर अडखळला. मग त्यांनी तो आत टाकला.

रुख्मा पाण्याचे गडवे ठेवत सांगत होती, "पोरीचं घर बाजूचं हाय जी. बाई येऊनच राहिल्या पाहा."

केवलरामांची नजर मात्र छताकडे. त्यांनाही घर बांधायचं होतं. "लाकूड कोन्तं हाय हे?"

"मले काय ठावूक जी," रुख्मा म्हणाली. "त्यायले माहीत. ते तिरोड्याले गेले."

"बिजा हाय," सुखवंताबाईंच्या तोंडून निघून गेलं. "डेपोच्या लिलावातला. मधली आडवी मयाल जरा तडकली हाय, मिस्तऱ्यानं वरून चुना भरला. आन् त्या कोपऱ्यातली भिंत दोनदा घातली. पह्यली वाकडी गेली होती."

रुख्मा बघतच राहिली. "बाई, हे तं मलेही माहीत नाही! तुमी तं आत कधी आल्याच नाही!"

सुखवंताबाईंचे कान तापले.

"कुंपणावरून पाह्यलं जी," परसराम म्हणाले. "वर्षभर घरात दुसरं बोलणंच नव्हतं."

केवलराम खो खो हसले. "पोरीची नजर मायसारखी असन तं माह्या घरातला एक दाणा इकडचा तिकडं नाही व्हायचा. बोलवा पोरीले. पसंत पडली तं सुपारी इथंच फोडू. जागा ऐसपैस हाय."

"फोडा ना जी," रुख्मा आनंदानं म्हणाली.

"नाही." सुखवंताबाई पुढे झाल्या. "पोरगी माह्या घरची हाय. सुपारी माह्या ओसरीवर फुटन."

परसरामांचा चेहरा उतरला. मुलाच्या बापाचा शब्द असा तोंडावर खोडायचा नसतो. केवलरामांनी त्या बाईकडे नीट पाहिलं, खांद्यावरचा शेला सारखा केला आणि म्हणाले, "चला मंग. घर चुकलो आमीच."

ठेंगण्या दारातून वाकून ते ओसरीवर आले. कौसल्या पसंत पडली, सुपारी फुटली. रुख्मा चहाचे कप घेऊन मागोमाग आली आणि मातीच्या भिंतीला टेकून म्हणाली, "किती थंड हाय वो बाई इथं. आमच्या तं माडीवर दुपारी बसवत नाही."

सुखवंताबाई सुखावल्या. मग त्यांच्या मनात आलं, ही खरं बोलते की माझी कीव करते? त्या पुन्हा धुमसू लागल्या, आणि रुख्माच्या कपातला चहा काही त्यांनी घेतला नाही.

लग्नाचा मांडव दोन्ही अंगणांवर मिळून एकच पडला. पाहुणे जेवायला बसायच्या आधी सुखवंताबाई मांडवाखाली उभ्या राहिल्या, मान वर करून पाहिलं आणि मांडव घालणाऱ्या गड्यांना म्हणाल्या, "त्या बाजूनं जांभळाच्या डहाळ्या आनखी टाका गा. दाट टाका. माडी दिसून राहिली."