हान्सचं आईला पत्र

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वहिनींना तर नाहीच. दादाला जाऊन आता दुसरं वर्ष लागलं, तरी दारव्ह्यात कुणी भेटलं की म्हणतं, "सर, त्या सभेत तुम्ही दादांच्या पुस्तकावर काय बोललात हो!" मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

दादा माझा मोठा भाऊ. तालुक्याच्या कोर्टात कारकून होता. मॅट्रिक होताच तो नोकरीला लागला, म्हणून मी यवतमाळला कॉलेजात जाऊ शकलो आणि पुढे मराठीचा प्राध्यापक झालो. त्याचं इंग्रजी निकालपत्रांच्या नकला करता करता तयार झालेलं. निवृत्तीनंतर त्याला रद्दीच्या दुकानात एक जाड इंग्रजी पुस्तक सापडलं, पुठ्ठा फाटलेलं. दीडशे वर्षांपूर्वी नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या हान्स नावाच्या सुताराची ती हकीकत. बोटीतून उतरून त्याला वर्षही झालं नव्हतं, तोच तिथे यादवी पेटली आणि हा गडी उत्तरेच्या फौजेत भरती झाला. गुलामांना सोडवायला? पोटासाठी? की कुणाच्या तरी रांगेत उभं राहायला मिळावं म्हणून? दादा यावर तासन्‌तास बोलायचा.

"अबे, त्याले हुकूमच समजत नव्हते," तो सांगायचा. "बाजूवाल्याचे पाय पाहे आन् तसा चाले. मी कोर्टात पह्यल्या दिशी होतो ना, तसाच!" आणि स्वतःच हसायचा.

पाच वर्षं तो ते पुस्तक मराठीत आणत होता. स्वतः नागपूरच्या पुढे कधी गेला नाही. मुलगी लग्न होऊन बंगळूरला, वहिनींना वाचनाची आवड नाही. हान्सबद्दल बोलायला त्याला माझ्याशिवाय होतं कोण?

एका दुपारी त्याने कापडात बांधलेला गठ्ठा आणून माझ्या टेबलावर ठेवला. "पाह्य एकडाव. तू म्हनशीन तसं करू." एवढंच बोलला.

मी त्या गठ्ठ्याची गाठ सोडलीच नाही.

चार महिने तो माझ्या कपाटात, खालच्या खणात पडून होता. वेळ नव्हता, असं मी स्वतःला सांगत होतो. पण त्याच चार महिन्यांत मी दोन अनोळखी माणसांच्या कवितासंग्रहांना प्रस्तावना लिहिल्या. रोज सकाळी शब्दकोडं सोडवलं. मग खरं कारण काय होतं?

मला वाटत होतं, ते वाईट असेल. 'सदर इसम', 'येणेप्रमाणे' — सगळं कोर्टाच्या भाषेत असेल, आणि ते मला त्याच्या तोंडावर सांगावं लागेल. पण त्याच्याही खाली आणखी एक भीती होती. ते चांगलं निघालं तर? जन्मभर मी दुसऱ्यांच्या लिखाणावर लाल शाईने खुणा केल्या. माझं स्वतःचं एक पुस्तक नाही. ज्याच्या पगारावर मी शिकलो, त्या मॅट्रिक झालेल्या माणसाने ते करून दाखवलं असेल, तर मी तोंड कुठे लपवणार होतो?

शेवटी दादाच आला. "झालं का वाचून?"

झालं, म्हणालो मी. किती सहज! कपाटातून गठ्ठा काढून त्याच्या हातात दिला. खुर्चीत बसून त्याने गाठ सोडली आणि पानं चाळली — भराभर, अंगठ्याने, कारकून फाईल चाळतो तशी. शेवटपर्यंत गेला. पुन्हा पहिल्या पानावर आला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "थो लढाईवरून मायले पत्र लिहिते ना, थे जमलं का बे?"

"तेच तर सगळ्यात सुंदर जमलंय," मी म्हणालो. "डोळ्यांत पाणी आलं, दादा."

"आलं का?" म्हणाला. गठ्ठा बांधला. "चहा मांड म्हना घरात." चहा घेतला, नळाला आठवड्याने पाणी येतं यावर थोडं बोलला, आणि गठ्ठा सायकलला लावून निघून गेला.

त्यानंतर तो सात महिने जगला. दर रविवारी यायचा. हान्सचं नाव त्याने एकदाही काढलं नाही, मीही नाही. मला सुटल्यासारखं वाटत होतं. हेही लिहायलाच हवं — सुटल्यासारखं वाटत होतं.

झोपेतच गेला. वाचनालयात शोकसभा झाली आणि मी वीस मिनिटं बोललो, न वाचलेल्या पुस्तकावर. हान्सचं आईला लिहिलेलं पत्र तर मी जवळजवळ म्हणूनच दाखवलं. कुठून आणलं मी ते? समोर बायका डोळे पुसत होत्या. पहिल्या रांगेत वहिनी होत्या.

तेरवी झाल्यावर त्यांनी तो गठ्ठा माझ्या हातात दिला. "भाऊजी, तुमीच जपा हे. तुमच्याकडून आनलं आन् मंग यायनं हातच नाही लावला. मी इचारलं काहून, तं म्हने, झालं आता."

घरी येऊन मी तो सोडला. पहिल्याच पानावर, दुसऱ्या परिच्छेदात, हान्सची आई मरते. तो सात वर्षांचा असतो. जमीन गोठलेली, खणता येत नाही, म्हणून वसंत येईपर्यंत प्रेत कोठारात ठेवतात. पुढे छावणीत टपाल वाटायची वेळ झाली की हान्स बादल्या घेऊन पाणी आणायला जातो. दर वेळी. सबंध पुस्तकात त्याने कुणालाही लिहिलेलं एकही पत्र नाही.

आणखी एक. कोर्टात कच्चा मसुदा पानाच्या अर्ध्याच भागात लिहितात. डावा अर्धा भाग साहेबांच्या दुरुस्तीसाठी कोरा सोडतात. साहेबांच्या दुरुस्त्या आल्या की मग पक्की प्रत करायची. दादाने तीनशेच्या वर पानं अशीच लिहिली होती, उजव्या बाजूला. पहिल्या पानावर डावीकडे पेन्सिलने बारीक अक्षर होतं — 'बाळ, ही बाजू तुझी. न बिचकता लिही.' पुढे जागोजागी प्रश्न होते. 'इथे परका की परदेशी?' 'हा शब्द जड होतो का?' 'टपालाचा प्रसंग लांबला काय?' त्या दिवशी माझ्यासमोर अंगठ्याने पानं चाळताना तो यांची उत्तरं शोधत होता. पक्की प्रत त्याने केलीच नाही.

मी आता ते तीनदा वाचलं आहे. काही वाक्यं अडखळतात. टपालाचा प्रसंग लांबलेला नाही. पुस्तक चांगलं आहे. दादाने हे माझ्या तोंडून एकदाच ऐकलं, आणि तेव्हा ते खोटं होतं.