बाबांची राहून गेलेली आयर्लंड टूर

ही २००५ च्या मार्चमधली गोष्ट. गाव डब्लिन... आयर्लंडमधलं नव्हे, ओहायोतलं. बाबा सहा महिन्यांसाठी नागपूरहून आमच्याकडे आले होते आणि चौथ्याच दिवशी त्यांनी शेजारच्या नोराशी मैत्री करून टाकली. मला तीन वर्षांत जमलं नव्हतं ते!

नोरा सत्तरीची, पश्चिम आयर्लंडमधल्या एका खेड्यात जन्मलेली. दर मे महिन्यात ती दहा-बारा अमेरिकन लोकांना छोट्या बसने तिकडचा ग्रामीण भाग दाखवायला न्यायची. पडके मठ, जुने किल्ले, दुष्काळात ओस पडलेली गावं... आणि शेताशेतांमधून गेलेल्या दगडी भिंती.

त्या भिंतींनी बाबांना वेड लावलं. ते जमीन मोजणीच्या खात्यातून रिटायर झालेले, उभा जन्म लोकांच्या बांधांवर गेलेला. नोराचे अल्बम ते भिंग लावून बघायचे. "ना चुना, ना सिमेंट... अन् एवढ्या बांधायवरून लोकायची भांडणं नसन होत का वं?" असं मलाच विचारायचे.

नोराची ती शेवटची टूर होती, कंबर साथ देत नव्हती. तिने बाबांसाठी ड्रायव्हरच्या मागची सीट ठेवली. दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतःचा पासपोर्ट आणून माझ्या लॅपटॉपवर ठेवला... आणि नुसते हसले.

पण आमचं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये होतं. त्या काळात आम्ही सगळे 'स्टेटस', म्हणजे इथे राहायची कायदेशीर परवानगी, या शब्दाला जेवढे भ्यायचो, तेवढे देवालाही भ्यालो नसू. पॉटलकच्या जेवणाला एका मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, "यार, परत येताना एअरपोर्टवर अडवलं तर? नसती भानगड कशाला?" झालं... वकिलाला एक फोन करावा, एवढंही मला सुचलं नाही.

बाबांना सांगितलं, टूर फुल झाली. नोराला सांगितलं, बाबांचा गुडघा दुखतोय. दोघांचं इंग्रजी एकमेकांना जेमतेम कळायचं, त्यामुळे पकडली जाणार नाही अशी माझी खात्री होती. बाबा "बरं" म्हणाले आणि पासपोर्ट बॅगेत ठेवून आले.

मे संपता संपता नोरा परत आली. नवा अल्बम घेऊन थेट आमच्याकडे. बाबांची सीट तिने कुणालाच दिली नव्हती, त्यांच्यासाठी त्याच खिडकीतून एकेका भिंतीचा फोटो काढून आणला होता. मग तिने बाबांचा हात हातात घेतला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं, आता गुडघा कसा आहे?

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "मच बेटर, मॅडम. थँक यू फॉर आस्किंग."

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण चहा ठेवायला ते किचनकडे निघाले, आणि चालताना... चक्क जरा लंगडले. ज्या माणसाने कुणाच्याही दबावाखाली मोजणीत एक फूट इकडचा तिकडे केला नाही, तो माझ्या खोट्यापायी आमच्याच घरात लंगडत होता. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

सप्टेंबरमध्ये बाबा नागपूरला परत गेले. पुढे आमच्याच कामासाठी मी वकिलाकडे गेले तेव्हा सहज विचारलं... बाबांचा व्हिसा दहा वर्षांचा, मल्टिपल एंट्री. आयर्लंडचा व्हिसा तेवढा काढायचा होता, आणि वेळही हाताशी होता.

आता तीन वर्षं झाली. नोरा मुलीकडे राहायला गेली. काचबिंदूने बाबांची नजर इतकी उतरलीये की भिंग लावूनही फोटो दिसत नाहीत. दर रविवारी फोनवर ते नोराची चौकशी करतात, आणि दर रविवारी "बाबा, माझं चुकलं" हे तीन शब्द न बोलताच मी फोन ठेवते.

आज इथे ब्लॉगवर लिहिलं खरं. पण बाबा कॉम्प्युटरला हातही लावत नाहीत, हे मला पक्कं माहीत आहे. माफी मागायलासुद्धा मी अशीच जागा शोधली... जिथे ते नाहीत.